वाचक विचारतात : पिकअपच्या हेडलाइटचा फोकस

संत्र्याच्या अंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की काटोल-नरखेडकडच्या गाड्या रात्री नागपूरच्या कळमना मार्केटच्या वाटेला लागतात. यावेळच्या पत्रांत हेडलाइटचे प्रश्न जास्त आहेत ते बहुधा त्यामुळेच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

माझी पिकअप रात्री संत्र्याचे क्रेट भरून कळमना मार्केटला येते. लाइट खाली असूनही समोरचा प्रत्येक गाडीवाला डिप्पर मारतो. दोनदा फोकस सेट करून घेतला. माल उतरवून परत जाताना मात्र कोणी काही म्हणत नाही. दोष कशात आहे? (एक वाहनमालक, काटोल)

तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच उत्तर आहे. फोकस सेट झाला रिकाम्या गाडीवर आणि त्रास होतो भरलेल्या गाडीचा. मालाने मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसतात, पुढची बाजू त्यामानाने कमी बसते आणि गाडी नाक वर करून चालते.

हिशोब करून बघा. मागची बाजू 10 सेंमी बसली आणि पुढची 2, तर फरक 8 सेंमीचा. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 3.2 मीटर धरलं तर गाडी अडीच टक्के कलली. दिवा जमिनीपासून 90 सेंमीवर आहे आणि रिकाम्या गाडीवर तो दीड टक्का खाली, म्हणजे 10 मीटरवर 15 सेंमी खाली, लावला आहे असं समजू. माल भरल्यावर तोच उजेड एक टक्का वर चढतो. 50 मीटरवर असलेल्या कारपाशी त्याची वरची कडा 1.4 मीटर उंचीवर पोचते. कार चालवणाऱ्याचे डोळे साधारण 1.1 ते 1.2 मीटरवर असतात. तो डिप्पर मारणार नाही तर काय करणार?

मग भरलेल्या गाडीवरच सेट करून मोकळं व्हावं का? नाही. माल उतरला की हाच उजेड चार टक्के खाली जाईल आणि 22-23 मीटरवर रस्त्यात संपेल. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. समोर बैल दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ते अंतर संपलेलं असतं.

आधी डॅशबोर्ड बघा. दिव्याचं चित्र आणि 0 ते 3 आकडे असलेलं लहानसं चाक असेल, तर ते याच कामासाठी दिलेलं आहे. 0 ला उजेड सर्वांत वर असतो, माल वाढेल तसा आकडा वाढवायचा. पुष्कळ जण 3 म्हणजे उजेड जास्त असं समजून उलटंच करतात. लो-बीम चालू करून चाक फिरवा आणि बोनेटजवळ कान द्या. दोन्ही दिव्यांमागे मोटरची बारीक घरघर यायला हवी. एकाच बाजूने आली तर दुसरी मोटर किंवा तिचं कपलर गेलेलं आहे.

हे चाक नसेल तर भिंतीवर दोनदा सेटिंग करा, एकदा रिकाम्या गाडीवर आणि एकदा रोजच्या भारासकट. दोन्हींमध्ये वर-खालीचा स्क्रू किती आटे फिरतो ते मोजा आणि स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. फरक दोन आट्यांचा निघाला, तर काटोलहून निघताना दोन आटे खाली, कळमन्यात माल उतरवला की दोन आटे वर. काम दोन मिनिटांचं आहे, पेचकस फक्त गाडीत असावा.

आणि मागची बाजू 10 सेंमीपेक्षा फार जास्त बसत असेल तर फोकसला हात लावूच नका. पाटा तुटला आहे, पाटे थकले आहेत किंवा माल पासिंगपेक्षा जास्त आहे. ते आधी बघा.

भिंतीवर फोकस सेट करण्याची नीट पद्धत सांगा. आमच्या यार्डात जमिनीला थोडा उतार आहे, चालेल का? (वाडी)

उतार चालतो, पण तो गाडीपासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत एकसारखा हवा. मध्ये नाली, खड्डा किंवा ओट्याची पायरी नको. मागच्या चाकापासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत जमिनीलगत सुतळी ताणा. जमीन कुठे सुतळीला उचलत असेल किंवा खाली पोकळी राहत असेल तर जागा बदला. काही जण गवंड्याची पाण्याची नळी वापरून दिव्याची उंची भिंतीवर नेतात. उताराच्या जागेवर ते चुकतं, कारण नळी पाण्याची पातळी दाखवते आणि आपल्याला माप हवं आहे ते चाकं टेकलेल्या जमिनीपासून.

चारही टायरची हवा थंड असताना पाटीवरच्या आकड्याएवढी भरा. ताडपत्री, जॅक, दोर जे नेहमी गाडीत असतं ते असू द्या. चालकाच्या सीटवर माणूस बसवा. माणूस नसेल तर सिमेंटचं 50 किलोचं पोतं आणि वर 25 किलोचा तांदळाचा कट्टा ठेवा. डॅशबोर्डवर लेव्हलचं चाक असेल तर ते 0 वर आणा. पुढची बाजू दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. काच पुसून घ्या.

गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि प्रत्येक दिव्याच्या मध्यासमोर भिंतीवर चिकटपट्टीने फुली करा. मग स्टिअरिंग सरळ ठेवून 10 मीटर मागे घ्या. जागा नसेल तर 5 मीटर चालेल, फक्त सगळी मापं निम्मी होतील आणि हाताची चूक दुप्पट महाग पडेल. आता फुलीच्या खाली आडवी पट्टी मारायची. किती खाली, ते बहुतेक गाड्यांवर दिव्याच्या पाठीवर किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर टक्क्यांत छापलेलं असतं. 1.3 टक्के लिहिलं असेल तर 10 मीटरवर 13 सेंमी. छापील आकडा पुसला गेला असेल तर दिव्याची उंची मोजा: 80 सेंमीच्या आत असेल तर 1 ते 1.5 टक्के, एक मीटरच्या वर असेल तर 1.5 ते 2. अधलीमधली उंची असेल तर दीड टक्का धरा.

दिवेलागणीनंतर लो-बीम लावा. एक दिवा पुठ्ठा उभा धरून झाका. फडकं टाकून ठेवू नका, हॅलोजनच्या उष्णतेने प्लॅस्टिकची काच खराब होते. भिंतीवर उजवीकडे उजेडाची वरची कडा सरळ आडवी दिसेल आणि डावीकडे ती तिरपी वर चढेल. आपण डावीकडून चालतो, म्हणून कडेचा पादचारी आणि पाटी दिसावी यासाठी ही चढण मुद्दाम दिलेली असते. आडवी कडा पट्टीवर यायला हवी आणि चढण जिथे सुरू होते तो कोपरा फुलीच्या बरोबर खाली. कोपरा उजवीकडे सरकलेला असेल तर ती चढण थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाते. चढण उजवीकडेच दिसत असेल तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनवलेला आहे. तो सेट होणार नाही, बदलावाच लागेल.

दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खालीचा आणि एक आडवा. एका वेळी पाव आटाच फिरवा. जागेच्या पुढे गेलात तर थोडं जास्त उलटं फिरवून पुन्हा पहिल्याच दिशेने जागेवर आणा, नाहीतर आट्यांत ढील राहते आणि पहिल्याच गतिरोधकावर फोकस हलतो. एच-4 बल्बच्या (एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेल्या) दिव्यात अप्पर (हाय-बीम) आणि डिप्पर (लो-बीम) एकाच रिफ्लेक्टरमधून येतात. डिप्पर जागेवर आला की अप्पर आपोआप येतो, त्याच्यामागे लागू नका.

शेवटी गाडी एक चक्कर फिरवून त्याच जागी आणा आणि पुन्हा बघा. कडा एक-दोन सेंमीपेक्षा जास्त सरकली असेल तर दिव्याची बैठक ढिली आहे.

स्क्रू फिरतो पण उजेड जागचा हलत नाही. मागे बंपरला मार लागला होता. (पारडी)

स्क्रूच्या टोकाला नायलॉनची बैठक असते, ती फुटली आहे किंवा स्क्रूचा गोळा तिच्यातून निसटला आहे. बोनेट उघडून दिवा हाताने हलवून बघा. सगळा दिवा हलत असेल तर बॉडीला बसणारे कान तुटले आहेत. फक्त आतला रिफ्लेक्टर लटलटत असेल तर दोष बैठकीचा. निसटलेला गोळा काही दिव्यांत दाबून परत बसतो. फुटलेली बैठक चिकटवून टिकत नाही, इंजिनच्या उष्णतेने महिन्याभरात सुटते. स्क्रू जाम असेल तर सिलिकॉन स्प्रे मारा. डिझेल-पेट्रोल नको, त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

हॅलोजन काढून एलईडी बल्ब टाकले. समोर पांढरंशुभ्र दिसतं, पण लांबचं काही दिसत नाही आणि भिंतीवर कडाच नीट येत नाही. (उमरेड रोड)

कडा येणार नाहीच. एच-4 चा रिफ्लेक्टर तारेची जागा मिलिमीटरपर्यंत ठरवून बनवलेला असतो. एलईडीचा चिप आकाराने वेगळा आणि दोन बाजूंना असतो, त्यामुळे उजेड ठरलेल्या जागी न जाता फाकतो. गाडीच्या नाकाशी तो फार पडतो, डोळे तिथेच दिपतात आणि लांबचं अंधारतं. स्क्रूने खाली केलात तर दिसणारं अंतर आणखी तुटेल.

60/55 वॅटचा हॅलोजन परत टाका. बल्बचे तीन कान खाचांत नीट बसले आहेत का ते बघा. तिरका बसलेला बल्बही अशीच विस्कटलेली कडा देतो. तरी उजेड मंद वाटला तर मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू आणि लाइट चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या मागच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. व्होल्ट दहा टक्के पडले की हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के पडतो, म्हणून जुन्या गाडीत नवा बल्बही पिवळा वाटतो. बहुतेकदा अर्थचा बोल्ट गंजलेला असतो. तो घासून, कसून पुन्हा मोजा. मग गरज पडली तर रिले टाका: अप्पर आणि डिप्परला एक-एक रिले, बॅटरीपासून फ्यूज लावून 2.5 चौरस मिमीची वायर. 100/90 वॅटचा बल्ब मात्र टाकू नका. अप्परवर दोन दिवे मिळून पंधरा अँपिअरच्या वर ओढतात आणि होल्डर वितळतो.

लाइटच्या वरच्या भागावर काळी पट्टी लावली तर समोरच्याला त्रास कमी होईल का? (कामठी)

एच-4 मध्ये उलटंच होतं. डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिप्परचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडून रस्त्यावर येतो. वर पट्टी लावली की तुमचाच डिप्पर गेला. कडा तेवढीच वर राहते, फक्त उजेड घटतो. पट्टी काढा आणि फोकस सेट करा.

फिटनेसला लाइटचा आठ मीटरचा नियम आहे म्हणतात, तो काय? (बुटीबोरी)

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106. दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून 1.5 मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला उजेडाने दिपू नये, एवढा दिवा खाली झुकलेला हवा. यावर भिस्त ठेवू नका. 90 सेंमीवरचा दिवा एक टक्का वर रोखला तरी 8 मीटरवर त्याची कडा 98 सेंमीलाच राहते, म्हणजे दीड मीटरच्या खालीच, आणि तरी 50 मीटरवर ती 1.4 मीटरला पोचून कारवाल्याच्या डोळ्यांत जाते. वर दिलेलं टक्क्यांचं माप यापेक्षा बरंच कडक आहे.

काच पिवळी पडली आहे, टूथपेस्टने घासावी का? (मानेवाडा)

आठवडाभर बरी दिसेल. आपल्याकडच्या उन्हाने काचेवरचा यूव्ही थर जळलेला असतो, तो परत द्यावा लागतो. पाणी लावत 1000, मग 2000, मग 3000 नंबरचा पॉलिश पेपर घासा, पॉलिश करा आणि यूव्ही क्लिअर कोट मारा. कोट नाही मारला तर पुढच्या मे महिन्यात काच आणखी पिवळी होईल.