आधी बेडूक, मग रेणू

चि. ...,

डोळ्यातले तंतू मेंदूतली आपली जागा कशी शोधतात, या विषयावरचा तुझा सेमिनारचा आराखडा वाचला. पहिल्याच स्लाइडवर एफ्रिन, ईपीएच रिसेप्टर (तंतूवरचा, एफ्रिन ओळखणारा रेणू), नेट्रिन अशी वाट दाखवणाऱ्या रेणूंच्या नावांची जत्रा भरवली आहेस. नावं बरोबर आहेत, पण ताळगावला समोर बसलेले परीक्षक आधी विचारणार, 'हे कळलं कसं?'

म्हणून सुरुवात मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरीपासून कर. 1940 च्या दशकात त्याने बेडकाची दृष्टिचेता (डोळ्यातून मेंदूकडे जाणारा तंतूंचा जुडगा) कापली आणि डोळा 180 अंश फिरवून बसवला. बेडकात ही चेता परत वाढते. (आपल्यात नाही, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, त्याचं हेही एक कारण.) बेडकाला दिसू लागलं, पण माशी वर आणि झेप खाली! तो कधीच सुधारला नाही. म्हणजे तंतू अनुभवाने शिकत नव्हते. डोळ्यातल्या आपल्या मूळ जागेप्रमाणे मेंदूतल्या टेक्टममध्ये (डोळ्याला दिसतं त्याचा नकाशा जिथे उमटतो, त्या भागात) ठरलेल्या ठिकाणीच जात होते. 1963 मध्ये स्पेरीने यावरून रासायनिक खुणांची कल्पना नीट मांडली.

इथे जरा हिशेब कर. माणसाच्या एका डोळ्यातून दहा लाखांच्या आसपास तंतू निघतात. प्रथिनं बनवणारी जनुकं 20,000 च्या घरात. दर तंतूला वेगळी खूण कुठून आणणार? त्यापेक्षा एकच रेणू एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त असला की भागतं. एफ्रिन-ए टेक्टममध्ये मागच्या बाजूला जास्त असतो आणि तंतूंना आपल्यापासून दूर लोटतो. कानशिलाकडच्या तंतूंवर त्याचे रिसेप्टर जास्त, म्हणून ते पुढेच थांबतात. नाकाकडचे मागपर्यंत जातात. सत्तरी तालुक्यात काजूच्या भट्टीकडे दोघे निघाले, तर तिखट नाकाचा वाटेतूनच परततो, सर्दी झालेला थेट भट्टीवर पोचतो, तसं.

पण सर्दीवाला वाटेतच का बसत नाही? हे या उपमेत सापडत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. 2000 साली उंदराच्या डोळ्यातल्या साधारण निम्म्या गँग्लियन पेशींना (मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या पेशी) जादा रिसेप्टर दिला, तर मेंदूत एकाचे दोन नकाशे झाले. ज्या पेशींना हातही लावला नव्हता, त्यांचे तंतूसुद्धा सरकले. म्हणजे शेजाऱ्याकडे किती आहे, यावर आपली जागा ठरते. जागेसाठी चढाओढ आहे. या प्रयोगाला निदान पाच मिनिटं दे.

डोळे उघडण्याआधीच्या रेटिनल लहरींना (डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत आपोआप उठणाऱ्या विद्युत लहरी) एक स्लाइड पुरे. त्या नकाशा रेखीव करतात.

शनिवारी फोंड्याला घरी ये. लॅपटॉप नको, कोरे कागद आण. दोन्ही नकाशे माझ्यासमोर हाताने काढून दाखव.

तुझे,
सर