अहिंसेच्या कारणाने सिंगापूरमध्ये एनएसमधून सूट मिळते का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सिंगापूरची नोकरी हातात आहे, दोनेक वर्षांत सगळ्या कुटुंबाचं पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) करून घ्यायचा विचार आहे, मुलगा 9 वर्षांचा आहे. घर जैन, आणि मुलावर बंदूक हाती धरायची वेळ येऊ नये अशी तुमची मनापासूनची इच्छा. अमेरिकेतल्या तुमच्या नातेवाइकांना नागरिकत्वाच्या शपथेतून शस्त्र धरण्याचा भाग धर्माच्या कारणाने वगळून मिळाला, तशी काही सोय इथे आहे का?

नाही. नॅशनल सर्व्हिसमधून, म्हणजे तरुण मुलांना सक्तीने कराव्या लागणाऱ्या लष्करी किंवा तशाच सेवेतून (इथे सगळे तिला एनएस म्हणतात), धर्म किंवा सदसद्विवेक या कारणावर सूट मिळत नाही. तसा अर्ज नाही, बाजू ऐकून घेणारं मंडळ नाही, लष्कराऐवजी नागरी सेवा करतो म्हणायचीही सोय नाही. अमेरिकेत 1946 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने शस्त्र धरायला नकार देणाऱ्यालाही नागरिकत्व मिळू शकतं असं ठरवलं. आज शपथेत जी सवलत मिळते तिच्यामागे असा मोठा इतिहास आहे. सिंगापूरचा इतिहास उलट्या दिशेने गेला.

इथे एनएस 1967 पासून आहे आणि आजचा कायदा 1970 चा. तो नागरिकांइतकाच पीआर मुलांनाही लागू होतो, आणि आपल्याकडून येणाऱ्यांचा घोळ नेमका इथेच होतो. तुम्ही नोकरीच्या जोरावर पीआर झालात तर तुम्हाला स्वतःला एनएस नाही. मुलगा मात्र तुमच्या अर्जातून पीआर झाला की दुसऱ्या पिढीचा पीआर ठरतो. साडेसोळाव्या वर्षानंतर नोंदणी, 18 च्या सुमारास भरती, पूर्ण वेळ 2 वर्षं. त्यानंतर रिझर्व्हिस्ट, म्हणजे सेवा संपल्यावरही 10 वर्षं सरावासाठी वर्षाला जास्तीत जास्त 40 दिवसांपर्यंत बोलावणं. ज्युनिअर कॉलेज किंवा पॉलिटेक्निक पुरं करायला मुदत मिळते, पण पदवीसाठी थांबवून ठेवत नाहीत. मुलींना एनएस नाही.

नकार दिला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे यहोवाचे साक्षीदार. बायबलच्या आधाराने ते कुठल्याच सैन्यात जात नाहीत. 1972 मध्ये सरकारने त्यांच्या संस्थेची नोंदणी रद्द केली, आणि एनएसला त्यांचा असलेला नकार हे त्यामागचं मुख्य कारण होतं. त्यांच्यातला मुलगा 18 चा झाला की बोलावणं येतं. तो हजर होतो, गणवेश घालायला नम्रपणे नकार देतो, आणि आज्ञाभंगाबद्दल लष्करी कोर्टापुढे उभा राहतो. पहिली शिक्षा साधारण सव्वा वर्षाची. ती संपली की पुन्हा गणवेश समोर येतो, पुन्हा नकार आणि दुसरी शिक्षा. सगळं मिळून तीन वर्षांच्या आसपास लष्करी डिटेन्शन बॅरॅकमध्ये जातात. हे जुन्या काळातलं नाही, अलीकडेही मुलं अशी आत गेलेली आहेत. 18-19 वर्षांची ही पोरं कुणाला इजा करत नाहीत, पळून जात नाहीत, शिक्षा अंगावर घेतात. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि त्यांना नागरी सेवेचा मार्ग दिला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आपण भारतात वाढलेली माणसं इथे आणखी एका गोष्टीने फसतो. 1986 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या याच पंथाच्या तीन मुलांना न्याय दिला होता. राष्ट्रगीताला ती उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेतून काढलेली. कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्यामुळे धर्माचं खरं कारण असेल तर कोर्ट ऐकेल, असं आपण मनात धरून चालतो. सिंगापूरच्या राज्यघटनेतही धर्मस्वातंत्र्य आहे, कलम 15. पण 1994 मध्ये या पंथावरची बंदी हायकोर्टापुढे आली तेव्हा कोर्टाने ती उचलून धरली आणि देशाचं सार्वभौमत्व, अखंडता, एकता यांना धर्मस्वातंत्र्याच्या वर ठेवलं. सरकारचं म्हणणं असं की देश लहान, एका गटाला सोडलं तर सगळेच कारणं घेऊन येतील. मला ते पटत नाही. दक्षिण कोरियाच्या शेजारी उत्तर कोरिया आहे, तरी तिथल्या घटना न्यायालयाने 2018 मध्ये पर्यायी सेवा द्यायला सांगितलं आणि 2020 पासून ती सुरू झाली. 36 महिने तुरुंगांमध्ये काम करायचं, म्हणजे सोपी नाहीच. पण मार्ग आहे.

आत नेमकं काय असतं तेही सांगतो, कारण माझ्या मुलाने एनएस केली आणि आमचंही घर जैन आहे. कोण लष्करात जाणार, कोण पोलिसांत, कोण सिव्हिल डिफेन्समध्ये (आग विझवणं, अ‍ॅम्ब्युलन्स) हे ते ठरवतात. आवड विचारतात, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. माझा मुलगा पुढे मेडिक झाला, जखमींची देखभाल हेच त्याचं काम. तरी आधीचं बीएमटी, म्हणजे सुरुवातीचं लष्करी प्रशिक्षण, त्याला चुकलं नाही, आणि बीएमटीत रायफल आलीच. भरतीच्या दिवशी आईवडिलांना टेकाँग बेटावर, जिथे हे प्रशिक्षण होतं, बोटीने नेतात, मुलांची खोली दाखवतात, मेसमध्ये त्यांच्याबरोबर जेवायला बसवतात. शाकाहारी ताट वेगळं मिळतं आणि त्याची कुणी थट्टा करत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. पुढे एका शनिवारी तो घरी आला तेव्हा त्याच्या नखांत रायफलच्या तेलाचा काळा थर होता. ब्रशने घासत बसला होता. त्याची आजी ते बघत उभी राहिली, बोलली काहीच नाही.

त्याने हा निर्णय विचार करून घेतला होता. श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, संकल्पी (ठरवून केलेली) हिंसा वर्ज्य, पण विरोधी हिंसा, म्हणजे आक्रमण झाल्यावर बचावासाठी नाइलाजाने घडणारी, पूर्णपणे सुटत नाही, हे आपल्याकडे जुनंच आहे. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती उभी करवणारा चामुंडराय गंग राजघराण्याचा सेनापती होता. मुलाला हे पुरलं. तुमच्या मुलाला कदाचित पुरणार नाही, आणि तोही तितकाच खरा जैन असेल. म्हणून चामुंडरायाचा दाखला देऊन त्याला गप्प करू नका.

तेव्हा विचार आत्ताच करा, पीआरच्या अर्जाआधी. पीआर घेऊ, सरकारी शाळेचा फायदा घेऊ, सोळाव्या वर्षी बघू, असं बरेच जण ठरवतात. ते करू नका. 13 वर्षांपासूनच लांबच्या परदेशवास्तव्याला एक्झिट परमिटचे, म्हणजे देशाबाहेर राहायच्या परवानगीचे, नियम लागतात. एनएस न करता पीआर सोडलं तर पुढे सिंगापूरमध्ये शिकायला किंवा नोकरीला यायच्या अर्जावर त्याचा वाईट परिणाम होतो, हे सरकार उघडपणे सांगतं. पीआर ठेवून नुसतं गैरहजर राहिलं तर 10,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद.

दुसरा रस्ता सरळ आहे. तुम्ही एम्प्लॉयमेंट पासवर (नोकरीच्या परवान्यावर) या, मुलाला डिपेंडंट पासवर (आईवडिलांवर अवलंबून असलेल्यांच्या परवान्यावर) ठेवा. त्या पासवर एनएस नाही. शाळेची फी पीआरपेक्षा बरीच जास्त पडेल, सरकारी शाळेत जागा मिळणं अवघड जाईल, आणि 21 व्या वर्षी तो पास संपेल. म्हणजे पदवीसाठी तो दुसरीकडे जाईल असं धरूनच पैशांचं गणित मांडा. शिकता शिकता त्याने इथे स्वतः पीआर घेतलं तरी एनएस लागू होते, हेही लक्षात असू द्या. स्वित्झर्लंडमध्ये दीडपट काळाची नागरी सेवा आहे, ऑस्ट्रियात 6 महिन्यांऐवजी 9 महिन्यांची. पण तिथे परदेशी मुलाला मुळात बोलावतच नाहीत, नागरिक झाल्यावरच तो प्रश्न येतो. सिंगापूरमध्ये पीआर असणं एवढंच पुरतं.

तुमच्या कंपनीचा एचआर एक दिवस पीआरचे कागद घेऊन येईल आणि सगळ्या कुटुंबाची नावं एकदमच भरा म्हणेल. मुलाला वगळून अर्ज करता येतो. त्यामुळे अर्ज कमजोर पडतो असं इथले लोक म्हणतात, आणि पडेलही कदाचित. तरी त्याचं नाव घालायच्या आधी घरात सगळ्यांनी बसून बोला, आणि मुलगा 12-13 चा असेल तर त्यालाही बसवा.