आधी एकच चित्र नीट बघ

प्रतीकवादी (प्रतीकांतून भावना सुचवणारी) मुद्राचित्रं, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रं, शिकायची म्हणून चाळीस चित्रकारांची यादी केलीस, हौस आवडली. पण सध्या ती बाजूला ठेव. या चित्रांत शिरायला नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकचं ‘आजारी मुलगी’ पुरे: 1896 चा रंगीत लिथोग्राफ, म्हणजे आपला शिळाछाप. मुंकची बहीण सोफी 1877 मध्ये क्षयाने गेली, जेमतेम पंधरा वर्षांची. चित्रात फक्त डोकं, उशी, विस्कटलेले केस. याचे छाप त्याने निरनिराळ्या रंगांत काढले. लाल छापात ताप चढलेला वाटतो. फिकटात ती जवळजवळ गेलेलीच. निदान दोन छाप शेजारी ठेवून बघ, घाई नको.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- कवटी दिसली की ‘मृत्यू’ म्हणून मोकळे होतात. मुंकच्या ‘मॅडोना’त (1895) कवटी नाही, तरी मृत्यू जाणवतो. मधोमध देखणी बाई, कडेच्या चौकटीत शुक्राणू आणि खंगलेला गर्भ. चौकट हाताने झाकून बघ, मग हात काढ.
- काळा म्हणजे उदास, असं धरतात. फ्रेंच चित्रकार ओदिलाँ रेदाँचा काळा मखमली आहे, त्यातून उजेड फुटतो.

ॲसिडने पत्रा कोरणं, ॲक्वाटिंट (छटा उमटवायची छपाईची रीत), कुठल्या आवृत्तीचे किती छाप हे आकडे, सगळं नंतर. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं, आणि चित्रं बघायची राहिली!