विचारा की! : बँड सिंगापूरला, मैत्रिणी फोनमध्ये

या वेळची पत्रं वाचताना मजा आली, कारण बहुतेक सगळ्यांना कुठे ना कुठे कॉन्सर्टला जायचंय आणि बहुतेक सगळ्यांचे सोबती इंटरनेटवर भेटलेले. चार पत्रं घेतलीत. पहिल्याला जास्त जागा गेली, नाइलाज होता.

प्रश्न: ताई, मी 23 वर्षांची, संभाजीनगरला राहते, एका कंपनीत कस्टमर सपोर्टला आहे. 2020 च्या लॉकडाउनपासून मी आर्मी आहे (बीटीएस या कोरियन बँडच्या फॅन्सना म्हणतात ती, मिलिटरीची नाही, बाबांना हे अजून कळलेलं नाही) आणि तेव्हाच आमचा पाच जणींचा ग्रुप झाला. एक नागपूरची, एक इंदूरची, एक कोचीची, एक गुवाहाटीची आणि मी. रोज बोलतो पण नागपूरची सोडून कुणालाच प्रत्यक्ष भेटले नाहीये. आता डिसेंबरात बीटीएस सिंगापूरला येतायत आणि आम्हाला जायचंच आहे. इंदूरची म्हणते सगळ्यांचं बुकिंग मीच करते, पासपोर्टची कॉपी आणि कार्ड डिटेल्स पाठवा, ओटीपी आला की लगेच सांगा. ती खरंच चांगली आहे. घरी अजून बोलले नाही. मी वेडेपणा करतेय का?
— जांभळी, छ. संभाजीनगर

उत्तर: जाण्यात वेडेपणा काहीच नाही गं. ओटीपी देण्यात आहे. ती पोरगी कितीही सोन्यासारखी असली तरी कार्ड नंबर आणि ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही, आणि हे तिला तोंडावर सांगायचं. मैत्रीण असेल तर म्हणेल ओके, चल मग आपापलं करू. चिडली, रुसली, "ट्रस्ट नाहीये का तुझा" वगैरे सुरू झालं, तर तुला जे सहा महिन्यांनी कळलं असतं ते आत्ताच कळलं, फुकटात.

आता मोठा प्रश्न, या पोरींवर विश्वास ठेवायचा का. लोक म्हणतात ऑनलाइन मैत्री खोटी, मला ते पटत नाही. तुम्ही ग्रुप ऑर्डर करता ना, ज्याला तुम्ही जीओ म्हणता? कोरियातून अल्बम एकत्र मागवायचे, एक जण पैसे गोळा करणार, कस्टम ड्यूटी वाटून लावणार, पार्सल फोडून जिचं फोटोकार्ड (अल्बममधला बँडवाल्याचा छोटा फोटो) तिला कुरिअर करणार. माणूस ओळखायला याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. तेव्हा कोण कसं वागलं ते आठव. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं तेव्हा रोज अपडेट कोण देत होतं, आठवडाभर सीन करून गप्प कोण बसलं होतं, उरलेले चाळीस रुपये कुणी न मागता परत पाठवले. बायस (म्हणजे बँडमधला लाडका) एकच असणं, रात्री दोनपर्यंत त्याचे एडिट केलेले व्हिडिओ पाठवणं हे छान आहे पण त्यावरून परदेशात कोण कसं वागेल ते कळत नाही, पैशांवरून कळतं.

दुसरं म्हणजे सिंगापूरच्या आधी एकदा भेटा. पाचही जणी नाही जमलं तर तिघी तरी, इंदूर काय तुझ्यापासून एका रात्रीची बस आहे. दोन दिवस एकत्र राहा. ऑनलाइन कुणी घोरत नाही, ऑनलाइन कुणी बाथरूम तासभर अडवत नाही, हे सगळं एका खोलीत शिरल्यावर कळतं. शिवाय एकीला मर्चसाठी (बँडचे टीशर्ट वगैरे) पहाटेपासून लाइनीत उभं राहायचं असणार, दुसरीला दहापर्यंत झोपायचं असणार. त्यात चूक कुणाचीच नाही, फक्त सगळं पाच जणींनी एकत्रच करायचं असा नियम करू नका म्हणजे झालं.

आता तिकीट. प्रत्येकीने आपल्या अकाउंटवरून, आपल्या कार्डाने प्रयत्न करा, ज्यांची फॅन क्लबची मेंबरशिप आहे त्यांनी आधीच्या विक्रीत, म्हणजे प्रीसेलला. एकीच्याच फोनवर पाचही तिकिटं असली आणि तिचं विमान चुकलं, तर उरलेल्या चौघी गेटबाहेर उभ्या. आणि आजच ठरवा की पाचपैकी तिघींनाच मिळालं तर काय करायचं. तेव्हा ठरवायला बसलात तर ग्रुप फुटेल, लिहून देते. माझं मत विचारशील तर तिघींनी बिनधास्त जावं, दोघींनी मनापासून रुसावं आणि परत आल्यावर फ्रीबीज (फॅन्स एकमेकींना फुकट वाटतात त्या छोट्या भेटी) घेऊन माफ करावं.

व्हिसाचंही तसंच. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, अधिकृत एजंटमार्फत अर्ज करायचा, सरकारी फी 30 सिंगापूर डॉलर, नाकारला तरी परत नाही, एजंटचे पैसे वेगळे. पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा, तुझा नसेल तर कॉन्सर्टचं तिकीट मिळायची वाट न बघता आत्ताच अर्ज टाक. जायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली की समजायचं ती सरकारी नाही. आणि पाचातल्या एकीचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो, म्हणून हॉटेल फ्री कॅन्सलेशनचंच घ्या.

तिथे मोठे शो नॅशनल स्टेडियमला होतात, टेलर स्विफ्टने मार्च 2024 मध्ये तिथेच सहा रात्री केल्या होत्या आणि आपल्याकडून कितीतरी पोरी गेल्या होत्या. मेट्रो स्टेशनचं नावच स्टेडियम आहे, सर्कल लाइनवर. अडचण येते ती शो सुटल्यावर, कारण पन्नासेक हजार माणसं एकदम बाहेर पडतात, फोन व्हिडिओ काढून काढून मेलेला असतो आणि मेट्रो मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते. तेव्हा आत शिरायच्या आधीच भेटायची जागा ठरवा, हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा (हो, कागदावर) आणि पॉवर बँक न्याच, पण विमानात ती हँडबॅगेत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

आता बाबा. ऑफिसची ट्रिप आहे वगैरे काही सांगू नकोस. खोटं पचेलही कदाचित, पण तिथे ताप आला, बॅग हरवली तर पहिला फोन घरी करायचा असतो आणि तो करता आला पाहिजे. बाबांना बीटीएसशी काही घेणं नाहीये, त्यांचा प्रश्न एवढाच असतो की तुझा फोन लागला नाही तर मी कुणाला फोन करू. त्याचं उत्तर घेऊनच बोलायला बस. चौघींची पूर्ण नावं, त्यांच्या घरच्यांचे नंबर, विमान नंबर, हॉटेलचा पत्ता. एका रविवारी पाचही घरांचा व्हिडिओ कॉल लाव, भाषेची गंमत होईल, कोचीच्या काकू आणि तुझी आई हिंदी-इंग्रजी-हातवारे करून जेवणावर येतील आणि अर्ध्या तासात तुम्हालाच बाजूला काढतील. तरी नाही म्हणाले तर? तू 23 ची आहेस, पगार तुझा आहे, निर्णयही तुझा. फक्त विमान, राहणं, तिकीट हे सगळं लाखाच्या खाली बसवणं अवघड जाईल आणि ते पर्सनल लोन काढून करू नकोस. साठले नसतील तर पुढच्या टूरला जा.

थोडक्यात सोबत जा, पण तुझं तिकीट, तुझा पासपोर्ट, तुझे पैसे आणि परत यायची सोय तुझ्याच हातात ठेवून जा. उद्या विमानतळावर चौघींपैकी एकही आली नाही तरी तू तो शो बघून घरी परत येऊ शकली पाहिजेस. तेवढं जमत असेल तर खुशाल जा.

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. दिवसभर ते कोरियन गाणं, आणि ऑनलाइन मैत्रिणींशी "आपण कोरियाला जाऊ" असं चाललेलं असतं. मागे धाराशिवकडची बातमी वाचल्यापासून झोप उडालीये. मोबाइल काढून घेऊ का?
— एक आई, बार्शी

उत्तर: तुम्ही म्हणताय ती बातमी डिसेंबर 2024 ची, उमरगा तालुक्यातल्या तीन मुलींची, 11 आणि 13 वर्षांच्या. बीटीएसला भेटायला कोरियाला जायचं, त्यासाठी आधी पुण्याला जाऊन पैसे कमवायचे असा प्लॅन आणि घरी फोन केला की आमचं अपहरण झालंय. पोलिसांनी सोलापूर जिल्ह्यातच शोधून काढलं, सुखरूप. त्याच वर्षी जानेवारीत तामिळनाडूतल्या करूरच्या तीन मुली असंच घर सोडून निघाल्या होत्या, त्याही सापडल्या. दोन्हीकडे मुली लहान होत्या, प्लॅन भाबडा होता आणि मोठ्या माणसाला काहीच माहीत नव्हतं.

तुमच्याकडे तसं नाहीये बघा. तुमची मुलगी "कोरियाला जाऊ" हे तुमच्या कानावर पडेल असं बोलतेय. मोबाइल काढून घेतलात तर बोलणं बंद होईल, स्वप्न तसंच राहील. त्यापेक्षा तिला विचारा की बाई किती खर्च येतो, व्हिसा लागतो का, काढ बरं हिशोब. नववीतली पोर हिशोब काढायला बसली की तिचं तिलाच कळतं की हे पाच वर्षांनंतरचं काम आहे. आणि ऑनलाइन मैत्रिणी कोण, कुठल्या, त्या खरंच मुलीच आहेत का, हे बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, संकोच करू नका. व्हिडिओ कॉलवर कधीच न येणारी, फोटो मागणारी किंवा "घरी सांगू नको" म्हणणारी कुणी असेल तर तिथे मात्र कडक व्हा, नंबर ब्लॉक, विषय संपला. बाकी थिएटरात या बँडच्या कॉन्सर्ट फिल्म लागतात अधूनमधून, 2023 च्या फेब्रुवारीत एक लागली होती. पुढच्या वेळी सोलापूर-पुण्याकडे कुठे लागली तर तिला आणि तिच्या एखाद्या मैत्रिणीला घेऊन तुम्ही स्वतः जा. कानात कापूस घाला, पोरी किंचाळतात.

प्रश्न: आम्ही चौघं डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरचे मित्र, जानेवारी 2025 ला कोल्डप्लेच्या कॉन्सर्टसाठी अहमदाबादला गेलो. चारही तिकिटं मी काढली होती. ऐन वेळी एकाचं कॅन्सल झालं, त्याने त्याचे पैसे मला आधीच दिलेले. मी ते तिकीट बाहेर दुप्पट भावाने विकलं आणि त्याला मूळ रक्कम परत केली. आता तो म्हणतो वरचे पैसे पण माझे. अजून भांडण चालू आहे. कोण बरोबर?
— रांगेतला, नाशिक

उत्तर: तो. तिकिटाचे पैसे त्याचे म्हणजे तिकीट त्याचं, तू फक्त सांभाळत होतास. पण खरं सांगू, मला तुम्ही दोघंही आवडला नाहीत. 22 सप्टेंबर 2024 ला दुपारी बारा वाजता कोल्डप्लेच्या मुंबईच्या शोंसाठी ती ऑनलाइन रांग लागली तेव्हा तूही शिव्या घातल्या असशील ना, काही मिनिटांत तिकिटं गायब आणि रीसेलवर लाखांचे आकडे? त्याच धंद्यातलं एक छोटं दुकान तू मोटेरा स्टेडियमच्या दारात टाकलंस. वरचे पैसे त्याला पाठव आणि पुढच्या वेळी तिकीट ज्या भावाला काढलं त्याच भावाला ग्रुपमधल्याच कुणाला तरी दे, घेणारा मिळतोच.

प्रश्न: वय 46. 2007 ला ऑर्कुटवरच्या अनोळखी पोरांबरोबर पुण्याहून बंगळुरूला आयर्न मेडन या मेटल बँडच्या शोला गेलो होतो, ते आजही जवळचे मित्र आहेत. आता सगळ्यांना जर्मनीला वाकेन या मेटल फेस्टिव्हलला जायचंय, तंबूत राहून. बायको म्हणते गुडघे बघ आधी. सल्ला द्या.
— जुना मेटलहेड, कोथरूड

उत्तर: अहो, 17 मार्च 2007, पॅलेस ग्राउंड्स! मी पण होते तिथे, उद्यान एक्सप्रेसने काळे टीशर्टच टीशर्ट घेऊन गेलेली गर्दी, आधी परिक्रमा बँडवाले वाजवून गेले आणि मग मेडन. शो सुटल्यावर धुंदीत बाहेर आलो तर त्याच रात्री वर्ल्डकपमध्ये आपण बांगलादेशकडून हरतोय. निम्मे लोक रडत होते, कशासाठी ते कळत नव्हतं.

तेव्हा तुम्हाला ऑनलाइन माणसांवर कसा विश्वास ठेवायचा ते मी काय सांगणार. शेंगेन व्हिसाचं (जर्मनीला तोच लागतो) तेवढं बघा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो आणि 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, गुडघ्यांसकट. वाकेन म्हणजे हॅम्बुर्गच्या वरचं छोटं गाव, ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे 80 हजारांच्या वर माणसं येतात आणि पाऊस आला की नुसता चिखल. 2023 ला इतका झाला की आलेल्या कित्येकांना आतच घेतलं नाही, पैसे परत केले, पण विमानाचे कोण देणार? आपल्याकडे 2011 ला गुडगावचा मेटॅलिका शो ऐन वेळी रद्द झाला तेव्हा लांबून गेलेल्यांचं हेच झालं होतं, दोन दिवसांनी बंगळुरूचा मात्र झाला. म्हणून फक्त फेस्टिव्हलसाठी जाऊ नका, पुढे चार दिवस हॅम्बुर्ग-बर्लिन जोडा, म्हणजे शो बुडाला तरी ट्रिप बुडत नाही.

गुडघ्यांपर्यंतचे गमबूट इथूनच न्या, इअरप्लग न्या, आणि तंबूत झोपायचं की जवळपास खोली घ्यायची हे मित्रांनी नाही तर तुमच्या पाठीने ठरवू द्या. बायकोला पण विचारा येते का. 2019 ला आपला मेटल बँड ब्लडीवूड त्याच फेस्टिव्हलला ढोल घेऊन वाजवून आलाय, तो व्हिडिओ आधी दाखवा आणि मग विचारा.