एकेरी हाक

प्रश्न : मी पुण्यात एका बँकेत नोकरी करते. दिवसभर टोकन क्रमांक पुकारून ग्राहकांना बोलावते आणि बाहेर पडल्यावर दवाखान्यात किंवा सरकारी कार्यालयात मीही एक क्रमांकच असते. गेल्या महिन्यात एका मोठ्या देवस्थानात सात तास रांगेत उभी राहिले. देवासमोर जेमतेम दोन क्षण मिळाले, तोच ‘चला, पुढे चला’ असा आवाज आला. मी कोण, हे देवालाही ठाऊक नसावे असे वाटून रडू आले. देवाशी माझे स्वतःचे नाते कसे जुळेल?

उत्तर : ‘मी कोण, हे देवालाही ठाऊक नसावे’ या तुमच्या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. तुम्हाला दोन क्षण मिळाले. मंगळवेढ्याच्या चोखोबांना तर पंढरपूरच्या मंदिरात पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, आणि ते दार दलितांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. हा अन्याय कोणत्याही भक्तीने झाकता येणार नाही. तरीही दाराबाहेर ठेवलेल्या त्या माणसाच्या अभंगांतून विठ्ठलाशी थेट, जिवाभावाचे बोलणे ऐकू येते.

जनाबाईंचे उदाहरण मला तुमच्या अधिक जवळचे वाटते. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, शेण्या वेचणे यातून तिला निवांतपणा असा मिळत नव्हता. तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळू लागतो, तिचे केस विंचरतो. आणि ती रागावली की त्याला ‘विठ्या’ म्हणून शिव्याही देते. ज्याच्यावर रागावता येते तोच आपला असतो, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

आपण साहेबांना ‘तुम्ही’ म्हणतो, अनोळखी ग्राहकाला ‘आपण’ म्हणतो. देवाला मात्र आईसारखे ‘तू’ म्हणतो. एवढी जवळीक भाषेनेच आपल्या हाती दिलेली असताना, प्रार्थनेला बसलो की आपण अर्ज लिहिल्यासारखे बोलू लागतो, याचे मला वाईट वाटते. देवस्थानाला जरूर जा, पण ओळख त्या दोन क्षणांवर सोपवू नका. पोळ्या लाटताना किंवा बसने घरी परतताना त्याला त्या दिवसाची एखादी नेमकी गोष्ट सांगा : काउंटरवर पेन्शनसाठी आलेल्या आजोबांचा हात कसा थरथरत होता, कोणावर तुम्ही विनाकारण चिडलात, रांगेतल्या त्या ‘पुढे चला’ने मन किती दुखावले. ‘तू तेव्हा कुठे होतास’ असेही विचारा. उत्तर कानांनी ऐकू येईल, असे आश्वासन मी देणार नाही. सुरुवातीचे काही दिवस आपण स्वतःशीच बोलत आहोत असे वाटेल. तसे वाटले, तर तेही त्यालाच सांगा.