सुताराच्या जुन्या पेटीतील दोन काट्यांचे अवजार कोणते?

नागपूरच्या महाल भागातील आपल्या जुन्या घरात सुताराच्या पेटीत सापडलेले अवजार कोणते, असे आपण विचारले आहे. त्याचे, म्हणजे साधारण वीतभर लांबीचा लाकडी दांडा, त्यावर सरकणारा ठोकळा, एका बाजूला दोन बारीक काटे व विरुद्ध बाजूला एकच काटा, हे वर्णन वाचून माझी खात्री झाली आहे की हे दुहेरी काट्यांचे मार्किंग गेज, म्हणजे लाकडावर कडेला समांतर रेघा आखण्याचे अवजार असून, हिंदी भाषक सुतार मार्किंग गेजला खतकश म्हणतात.

त्यावर मापाचे आकडे नाहीत म्हणून ते अपुरे आहे असे समजू नये. दांड्याच्या टोकाचा पितळी स्क्रू फिरवला की दोनपैकी एक काटा सरकतो. दोन्ही काट्यांमधील अंतर थेट पटाशीच्या (खाच कोरण्याच्या छिन्नीच्या) पात्याला लावून जुळवायचे, ठोकळा पक्का करायचा आणि तो लाकडाच्या सरळ कडेला टेकवून गेज हलक्या हाताने ओढायचे, म्हणजे चौकटीची खाच आणि तिच्यात बसणारे कुसू या दोहोंवर अगदी एकाच मापाच्या दोन समांतर रेघा उमटतात. माझ्या मते पट्टी आणि पेन्सिलीने इतका नेमकेपणा येणे कठीणच. एकेरी काटा कडेला समांतर अशी एकच रेघ ओढण्यासाठी असतो.

स्क्रू गच्च बसला असेल तर कृपया पक्कड लावू नका, जुन्या पितळी स्क्रूचे आटे लगेच झिजतात. आपल्या विदर्भात सहज मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचा पातळ हात दांड्यावर फिरवून जास्तीचे तेल पुसून टाका, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात कोरड्या लाकडाला चिरा पडतात.