पोलादाचे भाव सरकारने ठरवावेत का?

प्रश्न : अंबडला माझं छोटं प्रेस-शॉप आहे; पत्रा दाबून सुटे भाग बनवतो. सीआर (थंड अवस्थेत लाटलेल्या) पत्र्याचा भाव सारखा हलतो, माल घेणारी कंपनी मात्र सुट्या भागांचा दर वर्षभर बदलत नाही. सरकारच भाव बांधून का देत नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, बांधलेले भाव मी सातपूरला खरेदी विभागात असताना पाहिलेत. जानेवारी १९९२पर्यंत मोठ्या कारखान्यांच्या पोलादाचा भाव सरकारने नेमलेली संयुक्त संयंत्र समिती ठरवायची. भिलाईचा माल नाशिकलाही त्याच दरात, कारण रेल्वेभाडं सगळ्या देशावर सारखं वाटलेलं. ऐकायला छान! पण माल मिळायचा कुठे? कोट्यासाठी अर्ज करायचा, वाट पाहायची आणि मशीन बंद पडू नये म्हणून शेवटी काळ्या बाजारातून चढ्या दराने पत्रा उचलायचा. त्या रात्रींची झोप मला आठवते. ते दिवस परत नकोत.

आता सरकार भाव ठरवत नाही, पण करातून वळवतं. मे २०२२मध्ये निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, नोव्हेंबरात काढलं. एप्रिल २०२५मध्ये आयात सपाट पोलादावर (पत्रे, कॉइल वगैरे) देशी कारखान्यांना वाचवायला १२ टक्के संरक्षण शुल्क आलं. तुमचा पत्रा त्यातच येतो. २०१७च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाला २०३०-३१पर्यंत ३० कोटी टन क्षमता हवी आहे, त्यामुळे मोठ्या पोलाद कारखान्यांना आधार मिळणारच. पत्रा वापरणाऱ्या लहान कारखानदाराचा विचार त्यात फार कमी होतो, याचा मला खरंच राग येतो.

तुम्ही पुढच्या करारात पत्र्याच्या भावानुसार दर तिमाहीला दर बदलण्याचं कलम घालूनच घ्या.